त्रिशलाचं एकाशन

रविवारी सकाळी मगदूमांच्या घरात सगळ्यांची वजनं व्हायची.

जिनदत्त मगदूम आष्ट्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. वय सेहेचाळीस, पोट पुढं आलेलं. मे महिन्यात रक्त तपासलं तेव्हा साखर अगदी काठावर आली होती. "सर, दहा किलो उतरवा, गोळीची वेळ येणार नाही," असं डॉक्टर म्हणाले. जिनदत्तनं ते मनावर घेतलं, यात वाईट काहीच नव्हतं. सांगलीहून त्यानं वजनकाटा आणला आणि बाहेरच्या सोप्यात टीव्हीखाली ठेवला. चूक झाली ती पुढं. डॉक्टरांनी त्याला एकट्याला सांगितलेली गोष्ट त्यानं घरी येऊन सगळ्यांच्या गळ्यात घातली.

"आपण सगळेच वजनावर लक्ष ठेवू," तो म्हणाला. "त्रिशला, तू चढ आधी. लग्नात चोपन्न किलोची होतीस."

त्रिशला, त्याची बायको, ओले हात पदराला पुसत काट्यावर उभी राहिली.

"अडुसष्ट!" वर्गात निकाल वाचावा तसा जिनदत्त मोठ्यानं ओरडला. "गोठ्यात दोन म्हशी होत्या, ही तिसरी कधी आली गं?"

दहावीतली लेक प्राची खळखळून हसली. कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसलेल्या त्याच्या आई, आक्काताई, त्याही गालात हसल्या. सगळे हसले म्हणून त्रिशलाही हसली आणि दूध उतू जाईल म्हणत आत गेली.

वाचकहो, असले विनोद आपल्या घरात होत नाहीत, असं छातीवर हात ठेवून किती जण सांगू शकतील? विनोद करणारा दोन मिनिटांत विसरतो. ज्याच्यावर झाला तो विसरत नाही.

दुसऱ्या दिवसापासून जिनदत्त पहाटे फिरायला जाऊ लागला. सोबत दोघे जण असत. एक हंबीरराव, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. दुसरे लालासाहेब, यांचं बाजारपेठेत खताचं दुकान. सांगली रस्त्यानं जायचं, ऊस किती वाढला, कारखाना कधी सुरू होणार, यावर गप्पा मारत तासाभरानं परत यायचं. जिनदत्तच्या मनगटावर नवीन घड्याळ होतं. चालून झालं की ते किती कॅलरी जळल्या ते दाखवायचं.

"चारशे वीस!" एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात टेकता टेकता तो सांगायचा. "आता चारशे वीस खायला हरकत नाही. जळालं तेवढं परत भरायचं, नाहीतर अशक्तपणा येतो. शास्त्र आहे हे."

मग तिखट रश्शातले दोन कटवडे यायचे, वर साखरेचा चहा.

"सर, तुमचं शास्त्र लय चविष्ट हाय," हंबीरराव म्हणायचे. ते स्वतः कोरा चहा घ्यायचे.

घरी परतल्यावर रोजचा नाष्टा असायचाच. व्यायाम करून आलेल्या माणसाला भूक लागते, हे त्रिशलाला सांगावं लागत नव्हतं. गरम पोहे, त्यावर खोबरं, ताटली त्याच्या हातात.

तिचा स्वतःचा दिवस साडेचारला सुरू व्हायचा. शेण काढणं, वैरण टाकणं, धारा काढणं, किटली घेऊन डेअरीला जाऊन येणं. आल्यावर आक्काताईंना बस्तीत, जैन मंदिरात, जायचं म्हणून अंघोळीचं पाणी, मग दोन डबे, मग भांडी, धुणं, घरामागच्या वीस गुंठ्यातली भाजी, दुपारी कडबाकुट्टीवर वैरण कापणं, आणि दिवस कलला की पुन्हा धारा. तिच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. असतं तरी त्या घरात याला कुणी व्यायाम म्हटलं नसतं. ते घरकाम होतं.

एकदा दुपारी सगळे जेवायला बसले होते. सुट्टीचा दिवस होता. त्रिशलानं टोपलीतली भाकरी उचलली, तसं जिनदत्तनं अगदी गोड आवाजात विचारलं, "ही कितवी गं?"

एवढंच. तो रागावला नाही, ओरडला नाही. तिनं भाकरी टोपलीत परत ठेवली.

त्या दिवसापासून ती सगळ्यांचं झाल्यावर जेवू लागली. सगळ्यांचं झाल्यावर भूक उरते, पण भाजी उरत नाही. संध्याकाळी तर आणखी अवघड. मगदूमांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, ही पिढ्यांची रीत. जिनदत्त, प्राची, आक्काताई यांना वाढून ती गोठ्यात जायची. धारा काढून परत येईपर्यंत दिवस मावळलेला असायचा. आधी ती धारा काढायच्या अगोदरच दोन घास खाऊन घ्यायची. आता नवऱ्यासमोर ताट घेऊन बसायचं तिच्या जिवावर यायचं. एक दिवस गेला, दोन गेले, तिसऱ्या दिवशी आक्काताईंनी विचारलंच.

"अगं, तू संध्याकाळची जेवत नाहीस होय?"

आषाढ होता, चातुर्मास लागला होता. त्रिशलाच्या तोंडून निघून गेलं, "एकाशन धरलंय, आत्या."

दिवसातून एकदाच, एका जागी बसून जेवायचं, असं हे व्रत. आक्काताईंचे डोळे भरून आले. दुसऱ्याच दिवशी बस्तीत चारचौघींना त्यांनी सांगितलं, "आमच्या सुनेनं पूर्ण चातुर्मास एकाशन धरलंय. कुणाला बोलली नाही की मिरवलं नाही." बायका घरी येऊन त्रिशलाच्या पाया पडू लागल्या. ती पाय मागं ओढायची, आणि त्यालाही लोक नम्रपणा म्हणायचे. देवाच्या नावानं आपण खोटं बोललो, हे तिला रात्री अंथरुणात पडल्या पडल्या खायला उठायचं. पण खरं बोलायचं तर काय बोलायचं? नवरा हसतो म्हणून मी जेवत नाही, हे सांगण्यापेक्षा उपाशी राहणं सोपं होतं.

काट्यावर दर रविवारी तिचा आकडा खाली येऊ लागला. पासष्ट, त्रेसष्ट, साठ. जिनदत्तचा मात्र एक्क्याण्णववरून ब्याण्णव झाला. त्यानं काट्याखालची फरशी तपासली, घड्याळाचा पट्टा आवळून बांधला. कटवड्यावर मात्र त्याचा संशय कधी गेला नाही.

भाद्रपदात एके दिवशी दुपारी त्रिशला कडबाकुट्टीपाशी वैरण सारत होती. डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती यंत्राच्या तोंडावर पुढं झुकली. नशीब की प्राची त्या दिवशी शाळेतून लवकर आली होती. तिनं पळत येऊन बटण बंद केलं. आईचा हात पात्यापासून वीतभर लांब होता.

"पित्त झालंय गं," त्रिशला म्हणाली आणि तिथंच कडब्याच्या पेंढीवर बसली.

संध्याकाळी प्राचीनं वडिलांना सांगितलं. जिनदत्त वह्या तपासत होता. मान वर न करता तो म्हणाला, "वजन उतरताना होतं असं. चरबी जळत असते आतली."

हे वाक्य पुढं त्याला आयुष्यभर टोचत राहिलं.

नवरात्र आलं. लालासाहेबांच्या मंडळानं महिलांसाठी आरोग्य मेळावा ठेवला होता. जिनदत्तनं मोबाइलवरच्या गटात त्रिशलाचे दोन फोटो टाकले होते, जूनमधला आणि आताचा. खाली लिहिलं होतं, 'साडेतीन महिन्यांत अकरा किलो! घरातूनच सुरुवात.' ते बघून लालासाहेब म्हणाले, "सर, वहिनींचा सत्कार करूया की! बाकीच्या बायकांना हुरूप येईल."

त्रिशला नको नको म्हणाली. "मी काय सांगणार तिथं? मला जमायचं नाही."

"जमतंय. मी लिहून देतो," असं म्हणून जिनदत्तनं वहीच्या पानावर आठ ओळी लिहून दिल्या.

मांडव बायकांनी भरला होता. पहिल्या रांगेत आक्काताई नवं लुगडं नेसून बसल्या होत्या, शेजारी प्राची. मागं खुर्च्यांवर पुरुषमंडळी, त्यांत जिनदत्त, हंबीरराव, लालासाहेब. पाहुण्या म्हणून तानुबाई कदम आल्या होत्या. वाईजवळच्या एका गावच्या. तेहतीस वर्षं त्यांनी सातारा आणि सांगलीच्या खेड्यांतल्या उपकेंद्रांवर आरोग्यसेविका म्हणून काढली होती. निवृत्त होऊन आता आष्ट्यात लेकीकडं राहत होत्या. लोक अजून त्यांना सिस्टरच म्हणायचे.

सत्काराची शाल तानुबाईंनीच त्रिशलाच्या खांद्यावर घातली. नारळ देताना त्यांचं लक्ष तिच्या नखांवर गेलं. नखं पांढरी पडली होती. त्या खुर्चीवर न बसता बाजूला उभ्या राहिल्या.

त्रिशलानं कागद उघडला. "नियमित व्यायाम, संतुलित आहार आणि जिद्द या तीन गोष्टींच्या बळावर..." तिचा आवाज बारीक होत गेला. "माझ्या पतींच्या मार्गदर्शनाखाली मी..." पुढची ओळ तिला दिसेना.

तानुबाई पुढं झाल्या. "थांब बाय. इकडं तोंड कर." अंगठ्यानं त्यांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, उपकेंद्रात हजारो बायकांची बघितली तशी. मग माईक हातात घेतला.

"कागुद ऱ्हाऊ दे. त्यो तुज्या हातचा न्हाई. मला तोंडानं सांग. सकाळी कवा उठतीस?"

"साडेचारला."

"मग काय करतीस?"

त्रिशलानं हळूहळू सांगायला सुरुवात केली. शेण, धारा, डेअरी, डबे... मांडवातून एक आवाज आला, "आमचं बी त्येच हाय की वो सिस्टर!" बायका हसल्या. त्रिशलाला जरा धीर आला. धुणं, भाजीचं रान, कडबाकुट्टी, पुन्हा धारा, असा सगळा दिवस तिनं सांगितला.

"बरं. आन् आज दिसभरात पोटात काय घातलंस?"

"पाणी."

"त्यावर?"

"दुपारी भाकरी."

"किती?"

"एक. दूध-भाकरी."

"आन् आता सांजचं?"

पहिल्या रांगेतून आक्काताईच कौतुकानं बोलल्या, "तिचं एकाशन आहे. चातुर्मास धरलाय पोरीनं."

त्रिशलानं सासूकडं बघितलं. बायका टाळ्या वाजवायच्या बेतात होत्या. तिच्या हातातला नारळ खाली पडला, गडगडत कडेला गेला, आणि तिच्या तोंडून शब्द बाहेर पडले. माईक जवळच होता, त्यामुळं ते मांडवभर ऐकू गेले.

"आत्या, माझं एकाशन नव्हतं."

कुणाला काही कळेना.

"मी खोटं बोलले. मला भूक लागते. लय भूक लागते. पण ह्यांच्यासमोर खायची लाज वाटते मला."

मागच्या रांगेतल्या पुरुषांच्या माना हळूहळू जिनदत्तकडं वळल्या. त्याच्या कानापर्यंत रक्त चढलं.

"सर हितंच हायत न्हवं?" तानुबाई म्हणाल्या. "सर, जरा उभं ऱ्हावा. तुमी इज्ञान शिकवताय. मला एक सांगा. रोज चालाया जाताय, घड्याळात आकडा बघताय, समद्या गावाला दिसतंय. जळालेलं परत खाताय का न्हाई?"

जिनदत्त कसाबसा उभा राहिला. "शास्त्रानुसार, व्यायामानं खर्च झालेली ऊर्जा काही प्रमाणात..."

"रोज दोन कटवडे, सिस्टर!" लालासाहेब बोलून गेले. त्यांना ती गंमत वाटली होती. दोन-चार जण हसले, पण तानुबाईंचा चेहरा बघून तेही थांबले.

"त्या वड्यांवर माजा राग न्हाई," त्या म्हणाल्या. "खरं सांगते, नीट ऐका. घड्याळातला आकडा म्हंजे अंदाज. त्यातलं थोडंफार तुमी घरी बसला असता तरी जळालंच असतं. तासभर गप्पा मारत चालायचं, आन् जळालं त्याच्यावर दोन वडे चढवायचे, मग वजन कशानं उतरंल? तुमाला दोन येळचं नीट जेवाण हाय, नाष्टा हाय. चालण्याचं येगळं भरून खायची तुमाला गरज न्हाई. हे झालं तुमचं."

त्यांनी त्रिशलाच्या पाठीवर हात ठेवला.

"आन् आता हिचं. ही धा-बारा तास राबती. हिनं आदीच पोटाला कमी घाटलं, वर राबलेलं बी भरून खाल्लं न्हाई. मग शरीर काय करंल? ते थांबत न्हाई. ते हिचंच मांस खातं, हिचं रगात खातं. अकरा किलो उतरलं म्हणून तुमी शाल दिली. काय उतरलं, ते कुणी बघितलं? भरतीसाठी पळणारं पोरगं असू द्या, खेळणारी पोरगी असू द्या, नायतर रानात-गोठ्यात राबणारी बाई असू द्या. ज्याचा खरा घाम गळतो, त्याला तेवढं खायाला पायजेच. वजन उतरवायचंच असंल तर दमानं उतरवा, महिन्याला दोन किलो. पोट मारून न्हाई. आन् कुणाला लाजवून तर न्हाईच न्हाई!"

टाळ्या वाजल्या नाहीत. तिसऱ्या रांगेत एक म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. तिच्या शेजारची सून खाली बघत होती. कार्यक्रम पुढं सुरू झाला, पण जिनदत्तला त्यातलं काही ऐकू आलं नाही. हंबीररावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "गड्या, घरला जा. बायकोला घिऊन जा."

घरी आल्यावर आक्काताई आत गेल्या आणि त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. त्रिशला भिंतीला टेकून बसली. धर्माच्या नावानं खोटं बोलणाऱ्या सुनेला आता काय ऐकावं लागणार, याची ती वाट बघत होती.

अर्ध्या तासानं दार उघडलं. आक्काताई तिच्यापुढं येऊन बसल्या.

"उद्या बस्तीत जाऊन मी सांगणार आहे," त्या म्हणाल्या.

"सांगा आत्या. मी पाप केलंय."

"तुझं नाही सांगणार. माझं सांगणार. तीन महिने तुझ्यासमोर बसून मी जेवले. टोपलीत किती उरतंय, तू काय घेतेस, मला दिसलं नाही होय गं? मला व्रत दिसलं. उपाशी पोरगी दिसली नाही." त्यांनी तिचा हात हातात घेतला. "आणि त्या दिवशी याच्या विनोदाला मीसुद्धा हसले की."

जिनदत्त दारात उभा होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, "मी चांगल्यासाठीच..." आणि त्याला पुढं बोलवेना. कारण प्राची रडायला लागली होती.

"काय झालं गं?"

"पप्पा, मी पण डबा खात नाही. शाळेत वाटून टाकते. दोन महिने झाले."

"अगं, पण का?"

"मला पण म्हैस म्हणाल म्हणून."

अरेरे! ज्या माणसानं शेकडो मुलांना फळ्यावर आकृती काढून अन्नातून ऊर्जा कशी मिळते ते शिकवलं, त्याच्या घरातल्या दोघी जणी त्याच्या जिभेला भिऊन उपाशी राहत होत्या! जिनदत्त खाली बसला. मुलीसमोर, बायकोसमोर तो कधी रडला नव्हता. त्या दिवशी त्यानं दोन्ही हातांत तोंड झाकून घेतलं. कितीतरी वेळानं त्याच्या तोंडून एवढंच आलं, "चुकलं माझं. फार चुकलं."

त्रिशलानं त्याला लगेच माफ केलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. ती उठली आणि गोठ्यात गेली. म्हशी हंबरत होत्या, धारांना उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी सांगलीत तिचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात पॉइंट दोन. डॉक्टर बाईंनी रिपोर्ट बघितला आणि जिनदत्तला विचारलं, "तुम्ही काय करता?" शिक्षक आहे, हे सांगताना त्याची मान खाली गेली. विज्ञान शिकवतो, हे त्यानं सांगितलंच नाही.

पहाटेचं चालणं त्यानं काही दिवस बंद केलं आणि तो गोठ्यात जाऊ लागला. पहिल्या दिवशी धार काढायला बसला तर म्हशीनं लाथ झाडली. "बाजूला व्हा, पान्हा चोरेल ती," त्रिशला म्हणाली. चार दिवसांत ती त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य हेच. मग शेण काढणं, वैरण टाकणं आणि किटली डेअरीला पोचवणं त्याच्याकडं आलं. अर्ध्या तासात त्याचा सदरा पाठीला चिकटायचा. सांगली रस्त्यावरच्या तासाभरात असा घाम त्याला कधी आला नव्हता. वजनकाटा आक्काताईंनी माळ्यावर टाकायला लावला.

सगळ्यात अवघड होतं ते जेवण. आता घरात नियम झाला की चौघांनी एकत्र बसायचं आणि भाकरी मधोमध ठेवायची. त्रिशला बसायची, पण जिनदत्तची नजर गेली की तिचा घास हातातच थांबायचा. तो म्हणायचा, "घे ना अजून," की ती आणखीच आवरून घ्यायची. जी लाज घालायला दोन शब्द पुरले, ती काढायला दोनशे शब्द पुरत नव्हते. शेवटी त्यानं सांगणंच सोडलं. तो आपलं ताट घेऊन तिच्याकडं अर्धवट पाठ करून बसायचा, म्हणजे तिला नीट जेवता यावं. पाठीमागं भाकरी मोडल्याचा आवाज आला की त्याचा जीव भांड्यात पडायचा, आणि त्याच वेळी स्वतःची लाजही वाटायची. आपल्याच घरात बायकोनं जेवावं म्हणून आपल्याला तोंड फिरवावं लागतं!

प्राचीला त्यानं एकदाच विचारलं, "डबा खाल्लास?" ती म्हणाली, "पप्पा, रोज विचारू नका." त्यानं परत विचारलं नाही. तिच्या डब्यात काय द्यायचं ते मात्र तो सकाळी स्वतः बघू लागला.

दिवाळीनंतर त्यानं फिरणं पुन्हा सुरू केलं. हॉटेलात आता तोही कोरा चहा घ्यायचा. लालासाहेबांनी एकदा आग्रह केला तर म्हणाला, "नको. मी नुसता चालून आलोय, राबलो नाही." आठवीच्या वर्गात आहाराचा धडा आला तेव्हा पुस्तक मिटून त्यानं विचारलं, "आज सकाळी न खाता कोण कोण आलंय?" चाळीसांत चौदा हात वर झाले. त्यातले अकरा मुलींचे. एकीनं सांगितलं, "सर, मी धावायच्या स्पर्धेत आहे. खाल्लं की वजन वाढतं, असं घरचे म्हणतात." त्या दिवशी जिनदत्तनं धडा शिकवला नाही, आपल्या घरची गोष्ट सांगितली. नाव न बदलता, आपला दोष न लपवता. मुलं हसतील असं त्याला वाटलं होतं. एकही हसलं नाही. पुढच्या आठवड्यात त्या धावणाऱ्या मुलीच्या आईला शाळेत बोलावून तो तासभर बोलला.

माघात बस्तीचा वार्षिक उत्सव असतो. दुपारी मोठी पंगत बसते आणि वाढायला गावातले पुरुष असतात. यंदा जिनदत्तनं बुंदीची बादली घेतली होती. बायकांच्या ओळीतून वाढत वाढत तो त्रिशलाच्या ताटापाशी आला. शेजारी ओळखीच्या साऱ्या जणी बसल्या होत्या. नवरात्रातलं ते बोलणं सगळ्यांनी ऐकलेलं होतं. जिनदत्तचा हात बादलीत थांबला. वाढावं तर तिला आग्रह वाटेल, न वाढावं तर पुन्हा जुनंच वाटेल. तो तसाच उभा राहिला.

त्रिशलानं मान वर केली आणि त्याच्याकडं सरळ बघितलं.

"वाढा की," ती म्हणाली. "आणि जरा पळीभर वाढा. सकाळपासून राबलेय मी."

शेजारच्या बायका हसल्या, आणि या वेळी त्या हसण्याची कुणाला लाज वाटायचं कारण नव्हतं. जिनदत्तनं पळी भरून वाढली. पुढच्या ताटाकडं सरकताना त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं.

मित्रहो, वजन कमी करणं वाईट नाही. चालावं, व्यायाम करावा, वरवरचं खाणं आवरावं. पण आपला एक तासाचा घाम मोजून त्यावर हक्कानं खाणारे आपण, दुसऱ्याचा दिवसभराचा घाम पाहायला विसरतो. खाण्यावरून कुणालाही हसू नका, बायकोला नको, लेकीला नको, सुनेला नको. आणि आज घरी गेलात की एवढं करा. आपल्या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं, ते बघा. तिच्या ताटात काय उरतं, तेही बघा. मग तिला काही उपदेश न करता, तिच्या शेजारी ताट घेऊन बसा.